चीन वर्गात शिकवण्याआधी

नववीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर नुसतं 'चीन' लिहिलं आणि मुलांना म्हटलं, मनात पहिला येईल तो शब्द सांगा. मोबाइल, मंचुरियन, कोरोना, गलवान, कुंग फू, भिंत, डुप्लिकेट माल. पाच मिनिटांत फळा भरला. त्यात माणसाचं नाव एकही नव्हतं. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत तोच प्रश्न विचारला, तर माओ आणि शी जिनपिंग एवढी दोन नावं वाढली. यात कुणाला बोल लावण्यासारखं काही नाही. आपण इतिहास शिकलो तो फ्रेंच राज्यक्रांती, औद्योगिक क्रांती आणि दोन महायुद्धांच्या वाटेनं. आपल्याएवढ्याच लोकसंख्येचा, आपल्याइतकाच जुना आणि हद्दीला हद्द लागलेला देश मात्र भूगोलाच्या नकाशातच राहिला.

उद्या वर्गात या देशाबद्दल बोलायचं आहे आणि जाड ग्रंथ वाचायला सवड नाही, अशा शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. सगळा इतिहास यात मावणार नाही. पण माझ्या मते चीन समजून घेताना दोन जखमा ओळखाव्या लागतात. एक परक्यांनी केली, ती तिथल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ असते. दुसरी घरच्यांनी केली, तिच्याबद्दल तिथे दबक्या आवाजात बोलतात. या दोन्ही माहीत असल्या की बातम्यांमधला चीन बराचसा उलगडतो.

सुरुवात नावांपासून करावी, कारण वर्गात पहिली अडचण तीच येते. चिनी माणसाचं आडनाव आधी येतं. माओ हे आडनाव, शी हेही आडनाव. मुलांना हे विचित्र वाटतं तेव्हा मी त्यांच्यापुढे दहावीची गुणपत्रिका धरते; आपल्या बोर्डातही आडनावच आधी छापतात. दुसरी अडचण रोमन स्पेलिंगची. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची 'पिनयिन' नावाची पद्धत चीननं १९५८ साली स्वीकारली. तिच्यात 'एक्स' हे अक्षर आपल्या 'श'च्या जवळचं आणि 'क्यू' हे 'छ'च्या जवळचं. म्हणून आपण 'क्विंग' असं वाचतो ते राजघराणं खरं 'छिंग'. एवढ्या दोन खुणा ध्यानात ठेवल्या तरी नावांची भीती निम्मी होते. मराठी वर्तमानपत्रांत जी नावं रुळली आहेत, ती मी इथे तशीच ठेवली आहेत.

देशाचं नाव तर फळ्यावर काढूनच दाखवावं. एक आडवा चौकोन काढा आणि त्याच्या मधोमध, वरून खाली आरपार जाणारी उभी रेघ ओढा. हे झालं 'चोंग', म्हणजे मध्य. अक्षरच अर्थ दाखवतं. त्याला 'क्वो', म्हणजे देश, हे अक्षर जोडलं की 'चोंगक्वो', मधला देश. मुलं वहीच्या मागच्या पानावर ते गिरवत बसतात. अठराव्या शतकातल्या छिंग दरबाराची धारणा अशीच होती की जगाचा मध्य इथे आहे, बाकीच्यांनी नजराणे घेऊन यावं. मुलूख अफाट, तिजोरी भरलेली. १७५७ नंतर युरोपीय व्यापाऱ्यांना कॅन्टन, म्हणजे आजचं ग्वांगचौ, या एकाच बंदरात व्यापाराची मुभा होती.

इथून गोष्ट आपल्या किनाऱ्याकडे वळते.

इंग्रजांना चहाचं वेड लागलं होतं. चिनी लोक चहाला 'छा' म्हणतात. आपला 'चहा' हा त्याच शब्दाचा भाऊबंद. मोबदल्यात चिनी व्यापारी चांदी मागत, इंग्रजांच्या लोकरी कापडाची त्यांना गरज नव्हती. चांदीचा ओघ चीनकडे लागला, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीनं तोड काढली ती अफूची. बिहार-बनारसच्या पट्ट्यात शेतकऱ्यांना अफूची लागवड करायला लावायची, तयार मालाचा कलकत्त्यात लिलाव करायचा, आणि खासगी व्यापाऱ्यांनी तो चीनच्या किनाऱ्यावर चोरून उतरवायचा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची. जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती चीनबरोबरच्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातून उभी राहिली आणि तिच्यातूनच मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाला आणि जे. जे. कलाशाळेला देणग्या मिळाल्या. मुलांना हे सांगावं. त्या काळी या व्यापाराला प्रतिष्ठा होती, हेही सांगावं. दानत खरी होती आणि पैसा कुठून आला तेही खरं.

१८३०च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला तीस-चाळीस हजार पेट्या चीनमध्ये उतरत होत्या, एकेक पेटी साठ किलोच्या वर. आता चांदी उलटी वाहू लागली, गावंच्या गावं व्यसनात बुडाली. १८३९ मध्ये बादशहानं लिन त्सेश्यू नावाच्या करड्या अधिकाऱ्याला कॅन्टनला धाडलं. त्यानं वीस हजारांहून जास्त पेट्या ताब्यात घेतल्या. नुसती जाळली तर मातीत मुरलेली अफू लोक खरवडून काढतील, म्हणून त्यानं समुद्राजवळ मोठे हौद खणवले. त्यात खारं पाणी भरलं, अफूचे गोळे फोडून टाकले आणि वर चुना ओतला. हौद खदखदू लागत. मग तो लगदा ओहोटीबरोबर समुद्रात सोडत. जून महिन्यात तीन आठवडे हे काम चाललं. त्या दिवसांत लिननं समुद्रदेवतेला उद्देशून क्षमायाचना लिहिली, कारण तिचं पाणी तो घाण करणार होता. त्या एका गोष्टीमुळे हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

लढाई झाली आणि चीन हरला. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानजिंगचा तह झाला. हाँगकाँग इंग्रजांना, पाच बंदरं खुली, वर दोन कोटी दहा लाख चांदीचे डॉलर. तहावर सह्या झाल्या त्या 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर. ही नौका मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या हाताखाली, सागवानात बांधलेली. १८१३ साली ती पाण्यात उतरली होती. अफू भारतातली, त्यातली कितीतरी मुंबई बंदरातून गेलेली, आणि जहाजही मुंबईच्याच कारागिरांच्या हातचं. मालक इंग्रज. त्या तहाच्या कागदाखाली मुंबईचं लाकूड होतं, हे वाक्य मी वर्गात मुद्दाम सावकाश बोलते.

तिथली पाठ्यपुस्तकं आधुनिक इतिहास या युद्धापासून सुरू करतात, आणि तिथून १९४९ पर्यंतच्या काळाला 'अपमानाचं शतक' म्हणतात. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी बीजिंगजवळचा बादशाही उन्हाळी महाल लुटून जाळला. त्याचे पडके खांब तिथल्या सरकारनं मुद्दाम तसेच राखले आहेत. १८९५ मध्ये जपाननं तैवान घेतलं. १९०० मध्ये आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या आणि पंचेचाळीस कोटी टेल चांदीचा दंड बसला. टेल म्हणजे तिथलं चांदीचं माप. हिशेब केला तर साधारण डोक्यामागे एक. १८६० आणि १९०० या दोन्ही स्वाऱ्यांत इंग्रजांच्या बाजूनं भारतीय शिपाई होते. शांघायच्या परकीय वसाहतीत चौकाचौकात पगडीवाले शीख पोलीस उभे असत. चिनी माणसाच्या आठवणीत भारतीयाचं हेही एक रूप आहे, ते आपल्या पुस्तकांत येत नाही.

त्याच काळात घर आतूनही पेटलं होतं. सरकारी परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेल्या हुंग नावाच्या एका तरुणानं आजारपणातल्या स्वप्नांवरून स्वतःला येशूचा धाकटा भाऊ मानलं आणि लाखो गरीब त्याच्यामागे गेले. हेच ताइपिंग बंड, १८५० ते १८६४. अंदाजे दोन कोटी माणसं त्यात गेली. फळ्यावर कालरेषा काढताना शेजारी १८५७ लिहावं, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींना खेटून आहेत. दुसऱ्या अफू युद्धासाठी चीनकडे निघालेल्या इंग्रज पलटणी वाटेत वळवून आपल्याकडचा उठाव मोडायला आणल्या होत्या.

१० ऑक्टोबर १९११ रोजी वूचांग शहरात सैनिक उठले आणि दोन हजार वर्षांची बादशाही काही महिन्यांत कोसळली. १ जानेवारी १९१२ ला सन यत्सेन प्रजासत्ताकाचे हंगामी अध्यक्ष झाले. शेवटचा बादशहा पूयी सहा वर्षांचा होता. उठावाच्या त्या दिवशी सोलापुरात एका घरी मुलाचा पहिला वाढदिवस होता, त्याच्याकडे येतेच.

प्रजासत्ताक आलं, पण घडी बसली नाही. प्रांतोप्रांती सेनापती राज्य करू लागले. पहिल्या महायुद्धात चीन जिंकणाऱ्यांच्या बाजूला होता, तरी व्हर्सायच्या तहात चीनच्या शांतुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क परस्पर जपानला देऊन टाकले. ४ मे १९१९ रोजी तीनेक हजार विद्यार्थी बीजिंगच्या तियानानमेनसमोर जमले. जालियनवाला बाग होऊन तेव्हा तीनच आठवडे झाले होते. ही चळवळ परकीयांच्या विरोधापाशी थांबली नाही, भाषेपर्यंत गेली. चीनमध्ये तोवर ग्रंथांची भाषा एक आणि तोंडातली दुसरी. बोलतो तसं लिहू, असं हू शसारखे लेखक म्हणू लागले. संतांनी संस्कृत बाजूला ठेवून मराठी हाती धरली, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून या मागणीची ताकद मराठी मुलांना चटकन कळते. याच पिढीतल्या काहींनी १९२१ मध्ये शांघायला कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला.

पुढची काही वर्षं मी वर्गात भरभर सांगते. च्यांग कै-शेक यांचा राष्ट्रवादी पक्ष आणि कम्युनिस्ट आधी एकत्र, १९२७ पासून हाडवैरी. १९३४-३५ मध्ये सुमारे ऐंशी हजार कम्युनिस्टांनी च्यांगच्या वेढ्यातून निसटून डोंगर-नद्या तुडवत वर्षभर चाल केली. शेवटाला पोचले जेमतेम आठ हजारांच्या आसपास. त्या चालीत माओ पुढे आले. १९३७ मध्ये जपाननं पूर्ण ताकदीनिशी हल्ला केला आणि डिसेंबरात नानजिंगमध्ये कत्तल झाली. चीनमध्ये दुसरं महायुद्ध १९३९ ला नाही, १९३७ ला सुरू होतं. हा एवढा फरक तरी परीक्षेत विचारला जावा, असं मला फार वाटतं.

आता सोलापूरचा तो मुलगा. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. चिनी कम्युनिस्ट सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली होती. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांना आवाहन केलं, वर्गणी जमली आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून जहाजानं निघाले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. चोळकर नागपूरचे. कोटणीस सगळ्यांत तरुणांपैकी, अठ्ठावीस पूर्ण व्हायला महिना बाकी. चीनमध्ये पाचही जणांच्या चिनी नावांना शेवटी 'हुआ' जोडलं. 'हुआ' म्हणजे चीन. कोटणीस झाले 'क तिहुआ'. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, जपानी फौजांच्या पिछाडीला, कम्युनिस्ट सैन्याबरोबर राहिले. चिनी बोलायला शिकले, चिनीतून विद्यार्थ्यांना शिकवू लागले. कॅनेडियन सर्जन नॉर्मन बेथ्यून जखमेतल्या विषबाधेनं गेल्यावर त्यांच्या नावानं चालणाऱ्या रुग्णालयाचे कोटणीस प्रमुख झाले. तिथे परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१ मध्ये लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं 'यिनहुआ'. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, फेफऱ्याचे झटके येऊन कोटणीस गेले. वय बत्तीस.

शिचियाच्वांग शहरात त्यांचं स्मारक आहे. पूर्वजांच्या कबरी झाडून-पुसून स्वच्छ करायचा छिंगमिंग नावाचा सण एप्रिलच्या सुरुवातीला येतो, तेव्हा लोक तिथे फुलं वाहतात. मुलांना मी सांगते, आपल्या पितृपक्षाचा हा चुलतभाऊ समजा. सोलापुरातही कोटणीसांचं स्मारक आहे. जवळच्या शाळांनी सहल काढावी. एक खबरदारी मात्र घ्यावी. कोटणीसांना नुसतं मैत्रीच्या घोषणेपुरतं वापरू नये. १९४२ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते, हेही मुलांना कळू द्यावं. ज्या बाजूला ते उभे राहिले, तीच बाजू सात वर्षांनी सत्तेवर आली.

१ ऑक्टोबर १९४९. माओंनी लोकप्रजासत्ताकाची घोषणा केली, च्यांग तैवानला गेले. सुरुवातीच्या वर्षांत जमिनीचं फेरवाटप झालं, १९५० च्या विवाह कायद्यानं लादलेली लग्नं आणि बालविवाह बेकायदा ठरले, साक्षरता वाढली. जमिनीच्या फेरवाटपात जमीनदार म्हणून लाखोंना मारलंही गेलं. इथून ती दुसरी जखम सुरू होते, आणि शिक्षकानं सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा असं मला वाटतं.

१९५८ मध्ये माओंनी 'मोठी झेप' जाहीर केली. पोलादात ब्रिटनला गाठायचं, शेतीत विक्रम करायचे. शेतकऱ्यांची जमीन, अवजारं, चुली सगळं सामुदायिक झालं. लोकांनी घरातल्या कढया, तवे, कड्या-कोयंडे परसातल्या भट्ट्यांत वितळवले. निघालं ते बहुतेक बिनकामाचं लोखंड. पीक उभं असताना माणसं भट्ट्यांवर. चिमण्या धान्य खातात म्हणून देशभर थाळ्या-डबे बडवून त्यांना झाडावर टेकूच दिलं नाही, त्या दमून पडून मेल्या. मग पिकांवर किडी मोकाट सुटल्या.

पण माणसं मेली ती प्रामुख्यानं आकड्यांमुळे. कम्यूनच्या, म्हणजे या सामुदायिक शेतगटाच्या, अधिकाऱ्याला वर दाखवायचं होतं की आमच्याकडे विक्रमी पीक आलंय. शेजारच्यानं दुप्पट सांगितलं तर हा तिप्पट सांगे. सरकार त्या खोट्या पिकाच्या हिशेबानं खरं धान्य उचलून नेई. गोदामात धान्य आणि गावात उपासमार, असं झालं. १९५९ मध्येही परदेशी धान्य पाठवणं चालूच होतं. त्या वर्षी संरक्षणमंत्री पंग दहुआय यांनी माओंना पत्र लिहून चूक दाखवली, तर त्यांचंच पद गेलं. मग बोलायचं कुणी? १९५८ ते १९६२ या काळातल्या मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. बरेच अभ्यासक तीन कोटींच्या आसपास थांबतात.

हे शिकवताना मी मुलांना बहात्तरच्या दुष्काळाबद्दल घरी विचारून यायला सांगते. आजी-आजोबा मिलोच्या भाकरीचं सांगतात, सुकडीचं सांगतात, पाझर तलावाच्या आणि खडी फोडण्याच्या कामांचं सांगतात. हाल प्रचंड झाले. पण मोर्चे निघाले, वर्तमानपत्रांनी छापलं, विधानसभेत विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं आणि लाखो माणसांना काम द्यावं लागलं. जिथे बोलता येतं तिथे उपासमारीला असं कोटींच्या घरात बळी पडत नाहीत, हा अमर्त्य सेन यांचा मुद्दा मुलांना या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळतो. सेन यांनी दुसरी बाजूही मांडली आहे: रोजचं अर्धपोट आणि निरक्षरता हटवण्यात त्या काळातला चीन आपल्या पुढे होता. दोन्ही सांगावं, नाहीतर मुलं नुसती खूश होऊन घरी जातात.

सांस्कृतिक क्रांती, १९६६ ते १९७६, शिक्षकांना समजावून सांगताना माझा आवाज नेहमी खाली येतो. माओंनी तरुणांना सांगितलं, जुन्या कल्पना आणि सत्तेत बसलेले मोडून काढा. शाळकरी मुलांनी दंडाला लाल फीत बांधली. त्यांना हाताशी सापडले कोण, तर त्यांचे शिक्षक. ५ ऑगस्ट १९६६ रोजी बीजिंगच्या एका मुलींच्या शाळेत उपमुख्याध्यापिका ब्येन चोंगयुन यांना त्यांच्याच विद्यार्थिनींनी मारून मारून ठार केलं. वय पन्नास. पुढे शहरातली सुमारे एक कोटी सत्तर लाख तरुण मुलं-मुली खेड्यांत मजुरीला धाडली गेली. आजचे अध्यक्ष शी जिनपिंग त्यांतलेच. १९६९ मध्ये पंधराव्या वर्षी ते शान्शी प्रांतातल्या एका खेड्यात गेले. दहा वर्षं विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा बंद होती. डिसेंबर १९७७ मध्ये ती पुन्हा झाली तेव्हा ५७ लाख जण बसले आणि प्रवेश मिळाला पावणेतीन लाखांच्या आत. शेतावरून, कारखान्यातून, लेकरं कडेवर असलेले लोक परीक्षेला आले. त्या परीक्षेचं नाव 'काओखाओ', आणि २०२४ मध्ये तिला १ कोटी ३० लाखांहून जास्त मुलं बसली. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत रात्र काढणाऱ्या मुलामुलींना तिचा ताण वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. एका परीक्षेवर घराण्याचं नशीब पालटतं, ही समजूत तिथे १९०५ पर्यंत चाललेल्या बादशाही परीक्षेइतकी जुनी आहे.

माओ १९७६ मध्ये गेले. १९७८ च्या अखेरीस चीनचे नवे नेते डेंग शियाओपिंग यांनी जगासाठी दार उघडलं, असं पुस्तकं सांगतात. मला वर्गात शियाओगांग गावापासून सुरुवात करायला आवडतं. आनह्वे प्रांतातलं हे गाव, मोठ्या उपासमारीत रिकामं झालेलं. त्याच हिवाळ्यात एका रात्री तिथल्या अठरा शेतकऱ्यांनी एका मातीच्या घरात जमून कागद लिहिला. सामुदायिक जमीन घरटी वाटून घ्यायची, सरकारचा वाटा आधी द्यायचा, उरेल ते आपलं. हे बेकायदा होतं. म्हणून कागदात असंही लिहिलं की पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं किंवा डोकं उडवलं, तर त्यांची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. खाली अंगठे उमटले. पुढच्या हंगामात पीक इतकं आलं की गोष्ट लपेना. वरच्यांनी शिक्षा करण्याऐवजी ती वाट देशभर मोकळी केली. १९८० मध्ये हाँगकाँगलगतचं शेनझेन विशेष आर्थिक क्षेत्र झालं, २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला, आणि चार दशकांत जवळपास ऐंशी कोटी माणसं अतितीव्र दारिद्र्यातून वर आली. मुलांच्या हातातला मोबाइल या गोष्टीच्या शेवटाला येतो.

दार उघडलं ते पैशासाठी. १९८९ मध्ये विद्यार्थी त्याच तियानानमेन चौकात लोकशाही मागायला बसले, तेव्हा ३ आणि ४ जूनच्या रात्री सैन्यानं गोळ्या घातल्या. तिथल्या मुलांना ४ मे १९१९ शिकवतात, ४ जून १९८९ शिकवत नाहीत. एकच चौक, एकच वय.

एक मूल धोरण शिकवायला मात्र मला आकडे लागत नाहीत, नाती पुरतात. इंग्रजी 'अंकल'मध्ये आपले काका, मामा, मावसा सगळे कोंबले जातात. चिनी भाषा आपल्यासारखी. बापाचा थोरला भाऊ 'बोबो', धाकटा 'शूशू', आईचा भाऊ 'जिऊजिऊ', आत्या 'गूगू', मावशी 'यी'. मुलं हे शब्द घोळवून म्हणतात. मग मी विचारते, आईला भाऊबहीण नाही, बाबांनाही नाही, तर यातले कोणते शब्द उरले? वर्ग गप्प होतो. १९८० पासून २०१५ पर्यंत शहरांत बहुतेकांना एकच मूल होऊ दिलं. खेड्यात पहिली मुलगी असेल तर अनेक ठिकाणी दुसऱ्याला परवानगी होती, अल्पसंख्याक जमातींना सवलत होती, पण सक्तीचे गर्भपातही झाले. दोन पिढ्या अशा गेल्या की चार आजी-आजोबा, दोन आईबाप आणि एक मूल एवढंच घर उरतं.

त्या घराकडे जायचा दिवस म्हणजे वसंतोत्सव, चिनी नवं वर्ष. ते २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी येतं, कारण त्यांची कालगणनाही आपल्यासारखी चांद्रमासांची आणि मेळ घालायला अधिक महिन्याची. आमच्या शाळेतल्या कोकणच्या मुलांना मी म्हणते, गणपतीला मुंबईहून निघालेले चाकरमानी, भरगच्च गाड्या, डोक्यावर पिशव्या डोळ्यांसमोर आणा आणि ते सगळं अख्ख्या चीनएवढं मोठं करा. कारखान्यात वर्षभर राबणारे आईबाप आणि गावी आजीजवळ वाढणारं पोर त्या पंधरवड्यात भेटतात.

आणि शेवटी तो प्रश्न येतोच. "बाई, चीन आपला शत्रू आहे ना?" मी टाळत नाही. १९५४ ला भारत-चीन पंचशील करार झाला, १९५९ ला दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले, १९६२ ला चीननं युद्ध लादलं आणि आपण हरलो, जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले. सीमेचा वाद आजही आहे. सरकारशी भांडण आहे, हे मी स्पष्ट सांगते. मग मी त्यांना देवळीबद्दल सांगते. १९६२ च्या युद्धानंतर आसाम आणि दार्जिलिंगच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना आपल्या सरकारनं घरातून उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं. कुणी चांभारकाम करणारे, कुणी चहाच्या मळ्यातले सुतार, कुणी खानावळ चालवणारे. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले होते, चीन त्यांनी पाहिलाही नव्हता. काही जण पाच वर्षांनी सुटले. त्या छावणीत या वर्गातल्या मुलांच्या वयाची मुलं होती.